आहारतक्त्यात ढाबा नसतो

पंपसेटच्या धंद्यात फेब्रुवारी ते मे हे कमाईचे महिने. विहिरी तळाला जातात, बोअर खोल करावे लागतात, जुन्या मोटारी जळतात आणि आमची गाडी धुळे, जळगाव, बुलढाणा, अकोला, जालना अशी फिरत सुटते. मधेच मार्चएंड येतो. या नोकरीतली बरीच वर्षं मी डायबेटिस सोबत घेऊन काढली आहेत. आधी नुसत्या गोळ्या होत्या, आता गोळ्या आणि दिवसाला एक इन्शुलिन.

निदान झालं तेव्हा एक छापील आहारतक्ता हातात पडला होता. साडेसातला नाश्ता, अकराला एखादं फळ, एकला जेवण, चारला मूठभर फुटाणे, आठला जेवण, दहाला झोप. तक्त्यात चूक काही नव्हती, पण तो रोज एकाच घरी जेवणाऱ्या माणसाचा होता. फिरतीच्या माणसाला अकराला कुठे असणार हेच माहीत नसतं, तर फळाचं काय घेऊन बसलात! नोकरी सोडणं बहुतेकांना परवडत नाही, आणि ‘जरा धावपळ कमी झाली की बघू’ म्हणणाऱ्यांची धावपळ निवृत्तीपर्यंत कमी होत नाही. तेव्हा मोडलेल्या वेळापत्रकात काय सांभाळता येतं, तेवढंच सांगतो. गोळ्या आणि डोस मात्र ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.

१. डॉक्टरांना खरा दिवस सांगा

डॉक्टर विचारतात, “जेवणाच्या वेळा काय?” आणि आपण शाळेतल्यासारखं शहाणं उत्तर देतो, “दुपारी एक, रात्री आठ.” त्या उत्तरावर औषध ठरतं. मग दुपारचं जेवण साडेतीनला होतं आणि औषध आपलं एकच्या हिशोबाने काम करत राहतं.

एका भेटीत मी त्यांच्या टेबलावर मागच्या महिन्याच्या टीए-डीए बिलाची प्रत ठेवली. तारीख, गाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, सगळं त्यात असतंच. डॉक्टरांनी ती चष्मा वर-खाली करत शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “हे आधी का नाही दाखवलंत?” त्या दिवशी औषधात दोन बदल झाले.

पहिला बदल ग्लिमेपिराइडचा. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात जेवण आलेलं असो वा नसो. वेळेवर जेवणाऱ्याला ती स्वस्त आणि मस्त. ज्याच्या जेवणाचा भरवसा नाही त्याची साखर मात्र ती दुपारी दोनच्या सुमाराला खाली खेचते. तिच्या जागी सिटाग्लिप्टिन आली. एकटी घेतली तर ती साखर फारशी खाली नेत नाही, कारण साखर वाढलेली असते तेव्हाच तिचा जोर चालतो. पूर्वी ती महाग होती. २०२२ मध्ये पेटंट संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि भाव खाली आला.

दुसरा बदल इन्शुलिनच्या वेळेचा. माझं ग्लार्जिन दिवसभर हळूहळू काम करणारं आहे. ते रोज ठरलेल्या वेळी घ्यायचं असतं, पण ती वेळ रात्रीचीच असायला हवी असं नाही. रात्री मी कधी नऊला लॉजवर असतो, तर कधी बारा वाजता एखाद्या टोलनाक्यावर. सकाळी साडेसहाला मात्र, कुठल्याही गावात असलो तरी, दाढी आणि आंघोळीच्या मधली पाच मिनिटं माझीच असतात. इंजेक्शन तिथे बसवलं. तेव्हापासून ते चुकत नाही.

जाता जाता मेटफॉर्मिनचं सांगतो. साध्या गोळीने ज्यांचं पोट बिघडतं त्यांना एसआर, म्हणजे हळू विरघळणारी गोळी बरेचदा सोसते. सिल्लोड ते बुलढाणा रस्त्यावर एखाद्याला याची किंमत विचारा!

२. चहा नाकारू नका, बदलून घ्या

डीलरच्या काउंटरवर बसलो आणि चहा आला नाही असं महाराष्ट्रात होत नाही. नको म्हटलं तर माणूस दुखावतो, आणि वसुलीच्या दिवशी दुखावलेला डीलर परवडत नाही. पण हिशोब करा. एका कपात दीड चमचा साखर धरली आणि दिवसात आठ दुकानं धरली, तर बारा चमचे होतात. म्हणजे पन्नासेक ग्रॅम साखर, तीही जेवणाच्या बाहेरची. सोबतची बिस्किटं वेगळीच.

यावर उपाय एकच, मोकळेपणाने सांगून टाकणं. मला वाटायचं की आजारी समजतील, ‘याच्याकडून आता टार्गेट होत नाही’ म्हणतील. झालं उलटंच. सांगितलं की काउंटरपलीकडून हमखास आवाज येतो, “मलाही आहे हो, साहेब.” आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ मध्ये आलेला आकडा १० कोटींच्या वर आहे. इतक्या लोकांतले काही पंपाच्या दुकानात बसणारच. मग गप्पा शुगरवर सुरू होतात आणि वसुली जरा सोपी होते, हा वरचा फायदा.

टपरीवरच्या किटलीतला चहा साखर घालूनच उकळलेला असतो, त्यामुळे ‘साखर कमी’ म्हणण्याला काही अर्थ नसतो. बिनसाखरेचा वेगळा करून मागावा लागतो. चोपड्याला एका दुकानाशेजारचा टपरीवाला माझ्या ग्लासावर बशी उपडी घालून आणतो, बाकीचे ग्लास उघडे. ट्रे आला की ती बशी कुणाची हे आता दुकानातल्या हमालालाही माहीत आहे.

३. साखर फिरतीच्या दिवशी तपासा

आपण तपासायला जातो कधी? रविवारी सकाळी, दोन दिवस घरचं खाऊन, झोप पुरी करून. आकडा छान येतो. तो त्या दोन दिवसांचा असतो.

एचबीएवनसी ही तीन महिन्यांची गोळाबेरीज. ती खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही. ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४. दिवसभर दीडशेच्या आसपास राहणाऱ्याचे ७ येतील, आणि दुपारी ६० व रात्री २६० करणाऱ्याचेही ७ येऊ शकतील. म्हणून ग्लुकोमीटर गाडीत ठेवा आणि फिरतीवरच्या वेड्यावाकड्या दिवसांचे आकडे डॉक्टरांपुढे न्या. मार्चमध्ये मी दंडावर सेन्सर लावून घेतो. तो चौदा दिवस रात्रंदिवस साखर मोजतो. महाग आहे, बारमाही परवडत नाही, पण वर्षातले सगळ्यात वाईट दोन आठवडे कसे जातात ते दाखवतो. त्यातून कळलेली एक गोष्ट मला एरवी पटली नसती. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये धक्के खात आलो की सकाळी काही न खाताच साखर चढलेली असते. झोप मोडली की शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. आता शक्य असेल तिथे रात्रीचा प्रवास टाळून मुक्काम करतो. लॉजचं बिल साहेबांना खुपतं, खुपू दे.

दोन बारीक गोष्टी. बोट टोचण्याआधी हात पाण्याने धुवा. केळं सोलून तसंच टोचलंत तर मीटर केळ्याची साखरही मोजतो. आणि पट्ट्यांची डबी उन्हातल्या गाडीत ठेवू नका, पट्ट्या खराब होतात आणि आकडे भरकटतात.

४. ग्लुकोज हाताशी हवं

चाळीसगावहून कन्नडच्या घाटात आमची गाडी अडकली होती. पुढे ट्रक बंद पडलेला, मागे रांग. तेव्हा माझी जुनी गोळी चालू होती आणि जेवण कन्नडला घ्यायचं ठरलं होतं. शेजारी आमचा सर्व्हिस मेकॅनिक. मी त्याला एका जुन्या वाइंडिंगच्या तक्रारीवरून बोलायला लागलो, आणि बोलतच सुटलो. काच उघडी, वारा चांगला, तरी मानेवर घाम. ओठांना मुंग्या. हातातल्या फाइलवरची अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. त्याने शांतपणे समोरचा कप्पा उघडून ग्लुकोजची पुडी काढली, बाटलीतल्या पाण्यात ओतली आणि म्हणाला, “साहेब, आधी हे प्या, मग शिव्या द्या.”

कारण नसताना चिडणं ही माझी खूण आहे. कुणाची जांभया, कुणाची थरथर, कुणाची धडधड. आपली खूण सोबतच्या माणसाला सांगून ठेवावी, कारण त्या वेळी ती आपल्याला स्वतःला कळेलच असं नाही.

साखर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे पाण्यात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. बिस्किटांचंही तसंच, ती नंतर जेवण मिळेपर्यंत ठीक. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. साखर वर आली तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर पाऊण तास मी स्टेअरिंग हातात घेत नाही. गाडी सुरू करताना ९० च्या खाली आकडा असेल तर आधी खातो, मग निघतो.

आणि ग्लुकोज डिकीतल्या बॅगेत असेल तर ते नसल्यातच जमा. ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं हवं.

५. ‘तुम्ही तर बारीक आहात!’

हे वाक्य मी गावोगाव ऐकलं आहे. याचं सगळ्यात चांगलं उत्तर पुण्यात मिळालं, तेही एका डॉक्टरांच्या स्वतःच्या शरीरावरून. केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे. उंची-वजनाच्या हिशोबाने दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे दोघंही कागदावर सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडची बारीक माणसं हातापायांनी बारीक असतात, चरबी पोटात दडलेली असते. वजनकाट्यापेक्षा पँटची कंबर खरं सांगते. गाडीत बसून बसून माझी वाढली तेव्हा काटा जागचा हलला नव्हता.

६. इन्शुलिनला ऊन लागतं, बर्फही लागतो

न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणजे फ्रिजमध्ये. वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या आत चारेक आठवडे चालतं. नेमके दिवस आपल्या औषधाच्या खोक्यातल्या कागदावर असतात. आता मे महिन्यातलं अकोला डोळ्यांपुढे आणा. सावलीत ४४ आणि उन्हात उभ्या बंद गाडीत हात टेकवत नाही. त्या गाडीत दुपारभर राहिलेलं पेन बाहेरून जसंच्या तसं दिसतं, आतला गुण गेलेला असतो. चार दिवस साखर का चढते आहे ते कळत नाही आणि माणूस भाकरीला दोष देत बसतो.

म्हणून पेन माझ्यासोबत दुकानात येतं. बाजारात पाण्यात भिजवून वापरायचे पाऊच मिळतात. आतले मणी पाणी धरून ठेवतात, पाणी उडत राहतं आणि आतलं थंड राहतं. तत्त्व आपल्या डेझर्ट कूलरचंच. म्हणूनच विदर्भ-खानदेशच्या कोरड्या उन्हात ते झकास चालतं आणि रत्नागिरीच्या दमट हवेत जेमतेम. पाऊच नसेल तर माठ आहे. एका दुर्गम गावातल्या डीलरची आई गेली कित्येक वर्षं आपलं इन्शुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवते, मडकं ओल्या वाळूच्या परातीत. घरात फ्रिज आहे, पण वीज आठ-आठ तास नसते. वीज नसताना म्हातारीचं औषध शाबूत आणि शेजारच्या फ्रिजमधलं दूध नासलेलं.

बर्फाचं उलटं आहे. काळजीपोटी लोक थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात पेन खोचतात. इन्शुलिन एकदा गोठलं की वाया गेलं. वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. लॉजच्या रिसेप्शनवरच्या फ्रिजमध्ये ठेवायला देताना मी स्वतः दाराच्या कप्प्यात ठेवतो, कारण पोऱ्याला दिलं की तो ‘थंड पाहिजे ना’ म्हणून बर्फाच्या कप्प्यात टाकतो. विमानाने जाणं झालंच तर पेन हातातल्या बॅगेत. खाली सामानात द्यायचं नाही, तिथे ते गोठू शकतं.

७. ढाब्यावर आधी काय येतं ते तुम्ही ठरवा

बाहेर खायचं नाही, हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. बाहेर खायचंच आहे. प्रश्न क्रमाचा आणि मापाचा आहे.

ढाब्यावर बसल्याबरोबर पोरगा पापड ठेवतो, मग रोट्या येतात, भाजी मागून. भुकेला माणूस भाजी येईपर्यंत एक रोटी लोणच्याशी संपवतो. मी बसतानाच सांगतो, आधी काकडी-कांदा, मग डाळ किंवा अंडाभुर्जी, रोटी सगळ्यात शेवटी. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की नंतरच्या धान्याने साखर इतकी उसळत नाही. मीटर लावून बघा, फरक दिसतो.

भाकरीबद्दल एक गैरसमज आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती डायबेटिसचं औषध नाही. ‘भाकरीच आहे’ म्हणून तीन खाल्ल्या तर तीन भाकऱ्यांची साखर होते. एकादशीच्या साबुदाण्याचं तर बोलूच नका. उपास सोडून दुसरं सगळं त्यात आहे.

नाश्त्याला मिसळ चालते, असं मी म्हणतो तेव्हा बायको बघत राहते. पण बघा, मटकीची उसळ उत्तम, वरचं फरसाण चिमूटभर, पाव एकच. पोह्यांपेक्षा बरी. शेवभाजी मात्र महिन्यातून एकदा, कारण ती तळलेल्या बेसनाची तेलातली भाजी आहे, आणि खानदेशात राहून ती अजिबात सोडणं मला जमणार नाही. सोलापूरकडे गेलो की शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून आणतो. ती दिवसेंदिवस टिकते, अडल्या वेळी अर्ध्या भाकरीवर भागतं. गाडीत फुटाणे, शेंगदाणे आणि उकडलेली अंडी असली की मसाला चिप्सच्या पाकिटाकडे हात जात नाही.

उन्हाळ्यात रसवंतीची घुंगरं वाजतात. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज असते. तहानेला ताक घ्या. रसवंती लक्षात ठेवायची ती साखर खाली गेली आणि ग्लुकोज संपलेलं असलं तर.

रात्री जेवून लगेच लॉजच्या पलंगावर पडू नका. पंधरा मिनिटं एसटी स्टँडच्या भोवती चाला. छोट्या गावांत रात्री तेवढाच उजेड असतो.

८. सुया लॉजच्या कचऱ्यात टाकू नका

पेनची सुई आणि बोट टोचायची लॅन्सेट खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर सकाळी खोली झाडणाऱ्या बाईच्या हातात ती घुसते. पाण्याची बाटली नको, ती पातळ असते. जाड प्लास्टिकची रिकामी डबी बॅगेत ठेवा, सुया त्यात, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून आपल्या दवाखान्यात द्या.

९. शेतात आणि देवळात पाय

डेमोला शेतात गेलं की चिखलात चप्पल रुतते, शेतकरी स्वतः अनवाणी पुढे चालतो, आणि आपणही बूट काढून मागे जातो. डायबेटिस जुना झाला की पायांची जाणीव हळूहळू बोथट होते. बाभळीचा काटा शिरला तरी तो कळतो संध्याकाळी, मोज्यावर डाग दिसल्यावर. गमबूट मिळतात, स्वस्त असतात, डिकीत मावतात.

देवळाचं तर आणखी कठीण. डीलरला घेऊन तुळजापूरला किंवा शिंगणापूरला जायचं म्हणजे पायातलं काढायचं. एप्रिलमध्ये दुपारी बाराला त्या फरश्यांवर चांगल्या पायांची माणसं उड्या मारत जातात. ज्याला चटका जाणवत नाही तो सावकाश जातो, आणि दुसऱ्या दिवशी तळव्यावर फोड बघतो. पहाटे दर्शन घ्या. नसेल जमत तर बाहेरूनच नमस्कार करा. देव रागावत नाही, डीलर थोडा रागावेल.

लॉजवर झोपताना दोन्ही तळवे मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघायची सवय मला एका नर्सबाईंनी लावली. वाकता येत नसेल तर फोटो काढून बघायचा.

१०. डीलर मीट

दारू पिऊ नका, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी एवढंच सांगतो की उपाशीपोटी तर मुळीच नको. यकृत दारू निस्तरत बसलं की रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं, आणि इन्शुलिन किंवा जुन्या गोळ्या घेणाऱ्याची साखर मध्यरात्रीनंतर घसरू शकते. खोलीतला जोडीदार म्हणतो, “चढली असेल, झोपू दे.” तिथेच घात होतो. माझ्या हातात आता सोड्याचा ग्लास असतो, कुणी विचारत नाही.

११. चूर्ण देणाऱ्यांना हसून उत्तर द्या

कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, मेथी, अमक्या महाराजांची पुडी. हे सगळे प्रेमाने सांगतात, म्हणून वाद घालत नाही. पण पुडीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेत नाही. अशा काही चूर्णांत साखर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली निघाली आहे. मग गुण येतोच, आणि आपल्या गोळीवर ती दुसरी गोळी पडली की घाटात काय होतं ते वर सांगितलं आहे.

१२. तपासण्या टूर प्लॅनमध्ये लिहा

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन, पायांची संवेदना. वर्षातून एकदा या चारही तपासण्या व्हायला हव्यात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा. एकही दुखत नाही आणि एकही खुणावत नाही, म्हणून फिरतीच्या माणसाच्या त्या राहून जातात. मी त्या डीलर व्हिजिटसारख्या टूर प्लॅनमध्येच टाकतो, जूनमध्ये, पाऊस पडून पंपांची मागणी थंडावते तेव्हा.

यातली डोळ्यांची सगळ्यात जास्त टाळली जाते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडायला लागतात तेव्हा दिसायला काहीच कमी होत नाही. बोर्ड वाचता येतात, रात्री गाडी चालवता येते. नजर अधू होईपर्यंत थांबलं तर गेलेली नजर पुरती परत मिळवणं अवघड. लवकर सापडलं तर लेसरने आणि इंजेक्शनने पुढचं नुकसान बरंच अडवता येतं. तपासणीला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यानंतर काही तास सगळं धूसर दिसतं. तुमची शेवटची तपासणी कधी झाली ते आठवत नसेल तर याच महिन्यात वेळ घ्या, आणि त्या दिवशी गाडी चालवायला दुसऱ्या कुणाला तरी सोबत न्या.